भिंतीकडे तोंड केलेली लादी

सुज्ञ वाचकहो, एका दगडाने दोनदा सोसलेली पीडा आणि तो दगड दडविणाऱ्या एका बापाची लाज, या दोहोंचा वृत्तान्त पुढील ओळींत यथामती सादर होत आहे.

उचगावच्या रस्त्यालगत माझे ग्रॅनाइटचे छोटे दुकान आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कन्या शबनूर मात्र महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकते. कर्नाटकातील खाणीतून आलेली एक लादी आमच्याकडे पडून होती. तिचे काळे-पांढरे पट्टे इतके वेडेवाकडे, की स्वयंपाकाच्या कट्ट्यासाठी ती कोणी घेईना. शबनूरला तीच प्रिय. परीक्षेसाठी तिने त्याच लादीवर बोलावयाचे ठरविले आणि ऐकण्यास तिच्या अनुजा मॅडम व वर्गबंधू दुकानी येणार होते.

एवढी सुशिक्षित मंडळी येणार आणि आपण त्यांच्यापुढे बिघडलेला माल मांडणार, या विचाराने मी शरमिंदा झालो. सकाळीच हमालांकडून ती लादी भिंतीकडे तोंड करून लावून घेतली व पुढे सरळ रेघांची, चकचकीत अशी दुसरी उभी केली.

मंडळी आली. शबनूरने चहूकडे पाहिले.

“अब्बा, माझी वाकडी लादी कुठं हाय?”

“ती व्हय? गेली की गिऱ्हाइकाकडं.”

वर्गातील ऋतुराज हसला. “काय शबनूर, महिनाभर डोकं खाल्लंस, आन् दगडच पळाला व्हय?”

तिची मान खाली गेली. मॅडम हातातील घड्याळाकडे पाहू लागल्या. ते दृश्य मला सोसवेना.

“मॅडम, मी खोटं बोललो,” मी म्हणालो. “ती हितंच हाय. माल बरा न्हाय म्हणून फिरवून ठेवली.”

मुलांनी हात लावून लादी वळविली. शबनूरने ओले फडके फिरविताच पट्टे उजळले. मग ती मॅडमसमोर शुद्ध भाषेत बोलू लागली:

“हा दगड भूखंडाच्या पोटात खोलवर होता. दोन्हीकडून दाब आला, वर डोंगर उठले आणि या पट्ट्यांना घडी पडली. पण पाहा, ती घडीच पुढे मुडपली आहे. म्हणजे कालांतराने वेगळ्या दिशेने पुन्हा दाब आला, पुन्हा डोंगर उठले. मुडपलेली घडी आधीची, तिला मुडपणारी नंतरची. ही पांढरी शीर दोन्हींना छेदून सरळ गेली, म्हणून ती सर्वांत शेवटची. आपला कोल्हापूरचा काळा फत्तर फार अलीकडचा. त्याने यातले काहीच सोसलेले नाही.”

“म्हंजे आधी उभी घडी, मग आडवी,” ऋतुराज म्हणाला. “आमच्या इस्त्रीवाल्यागत!”

मॅडमही हसल्या. “सरळ रेघांच्या लादीत हे दिसलं नसतं,” असे त्या सहज म्हणाल्या, आणि माझी दृष्टी जमिनीला खिळली.

निघताना छायाचित्र काढावयाचे ठरले. मी भुकटीने पांढरे झालेले माझे कपडे झटकीत मागे सरलो.

“अब्बा, या की हिकडं!” शबनूर ओरडली. “का तुम्हालाबी भिंतीकडं तोंड करून लावू?”

मी गेलो. त्या छायाचित्रात सर्वजण समोर पाहत आहेत. मी एकटा लादीकडे पाहत आहे, कारण लेकीच्या नजरेस नजर देण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नाही.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

शमशुद्दीन मुल्लाणी, उचगाव