सात वर्षांचे टायर

रॉयसने खिशातून एक सेंटचं नाणं काढलं, पुढच्या टायरच्या खाचेत डोकं खाली करून खोचलं आणि माझ्याकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलं. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं खाचेत बुडालं होतं.

"बघ लव्हॉन. अख्खं डोकं आत, म्हणजे खाच झिजलेली नाही. टायर नवेकोरे आहेत."

"नाणं राहू दे," मी म्हटलं. "आधी त्यांची जन्मतारीख वाच."

नेब्रास्कातलं घर विकून आम्ही नवरा-बायको या मोटरहोममध्ये राहायला लागलो त्याला बरीच वर्षं झाली. हिवाळा इथे युमाच्या वाळवंटातल्या कॅम्पात, उन्हाळा वर उत्तरेला. म्हणजे गाडी धावते कमी आणि उभीच जास्त. तिचे टायर झिजत नाहीत, उन्हात उभ्या उभ्या वाळतात. वरून तुकतुकीत आणि आतून शिळ्या पावासारखे. कॅम्पातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे आणि तरी प्रत्येक जण नाणं खोचून खूश होतो. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला ते. सात वर्षं झाली की बदलायचा, असा आमच्या मोटरहोमवाल्यांच्या क्लबात दंडक आहे. आमच्या टायरांना आठवं सरत आलं होतं.

"फार तर पुढचे दोन बदल," रॉयस खुर्चीत बसत म्हणाला. "मागचे चार मला पुरतील."

हे 'मला पुरतील' मी हिवाळाभर ऐकत होते. शरद ऋतूत त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय, आता हिंडा-फिरा. हा बाबा मात्र तेव्हापासून खुर्चीला चिकटलेला. नवे बूट नकोत, जुने पुरतील. कॅम्पातली डोरीन कुत्र्याचं पिल्लू देत होती, तर तिला म्हणाला, ते माझ्यापेक्षा जास्त जगेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. धडधाकट माणूस माझ्यासमोर बसून दिवस मोजतो म्हणजे काय? आणि रात्री तो झोपला की मी त्याचा श्वास ऐकत पडायची, तेही सांगून टाकते.

गाडी आता मीच चालवते. जन्मभर शाळेची बस चालवली आहे मी. मागे पोरं बोंबलताहेत आणि पुढे बर्फ, अशी. वाळवंटातला सरळ रस्ता म्हणजे किस झाड की पत्ती. तेव्हा टायर किती घ्यायचे ते ड्रायव्हर ठरवणार.

मी क्लबाला फोन लावला. सभासदांना टायर स्वस्तात मिळतात, त्याची रीत ठरलेली आहे. किंमत कंपनीने बांधून दिलेली, पैसे आपल्या कार्डावरून थेट कंपनीला जातात, आणि दुकानदाराच्या हाती बसवण्याची मजुरी तेवढी पडते.

"किती टायर, मॅडम?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"सहा."

"दोन," बाहेरून रॉयस ओरडला.

"सहाच लिहा. मागून आवाज येतोय तो माझा नवरा आहे. चालू द्या त्याचं."

"माझ्याकडेही एक आहे तसला," ती म्हणाली आणि तिने सहा लिहिले.

दोन दिवसांनी मी गाडी ट्रकच्या टायरांच्या दुकानात नेली आणि एका दमात उलटी आत घातली. दुकानाचा मालक चेट माझ्यामागे कुणी पुरुष उतरतोय का ते बघत राहिला. रॉयस उतरला तो काठी आणि घडीची खुर्ची घेऊन, आणि सावलीत जाऊन फुगून बसला.

चेटचा चेहरा आधीच एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. सवलतीच्या गिऱ्हाइकात त्याला काय सुटणार? त्याने सहा टायर आणून भिंतीशी लावले आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, सहा कशाला घेतलेत? सात वर्षं कुठे चालवणार आहात आता ही गाडी?"

बोलला माझ्याशी, पण बघत होता रॉयसच्या काठीकडे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात रॉयसचे कान लाल झालेले दिसले. हिवाळाभर जे तो स्वतः म्हणत होता तेच परक्याच्या तोंडून आलं, तर मिरची झोंबल्यासारखं झालं त्याला. म्हटलं, उत्तर यालाच देऊ दे. कार्डाचं काम उरकायला म्हणून आत ऑफिसात गेले.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. काठी आडवी पडलेली. मी धावतच पुढे गेले.

रॉयस भिंतीपाशी गुडघ्यांवर होता. एका हातात विजेरी, दुसऱ्या हाताच्या बोटाने टायरवरची माती पुसत आकडे वाचत होता. शस्त्रक्रियेनंतर तो पहिल्यांदा असा खाली बसला होता.

"चेट, हे दोन परत ने."

"साहेब, कोरे आहेत ते. रस्ता बघितलेला नाही त्यांनी."

"रस्ता नसेल बघितला. दोन वर्षं तुझ्या गोदामात लोळलेत मात्र. आकडे वाच की."

चेटने डोकं खाजवलं. "दोन वर्षांनी काय बिघडतं? पाच वर्षं तर आरामात जातील. तुम्हाला तेवढी..." आणि तिथेच त्याने जीभ चावली.

रॉयसने मान वर केली. मग शांतपणे म्हणाला, "मला सातच्या सात हवीत."

माझे डोळे भरून आले. विजेरी घ्यायच्या निमित्ताने मी वाकले आणि बाहीने ते पुसले.

"ताजे फिनिक्सहून मागवावे लागतील," चेट कुरकुरला. "गुरुवार उजाडेल."

"उजाडू दे," रॉयस म्हणाला. "आम्हाला कसली घाई आहे?"

मी त्याला हात देऊन उठवलं. पॅंटचे दोन्ही गुडघे काळेकुट्ट झाले होते. काठी तिथेच विसरून तो गाडीकडे चालायला लागला आणि दाराशी थांबून म्हणाला, "डोरीनने ते पिल्लू दिलं का गं कुणाला?"