पाटावरचा समुद्र

मी एक जुना सागवानी पाट आहे, मित्रांनो. बसायचा पाट. झाशीजवळच्या गरौठ्याच्या एका पडलेल्या घराच्या दारातून माझी फळी निघाली. झाशीत ओरछा गेटच्या एका सुताराने तिला खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मी एका मराठी घरातल्या जेवणाच्या पंगतीत दाखल झालो. हे घराणं पिढ्यानपिढ्या झाशीतलं. बाहेर हिंदी, बुंदेली. घरात मराठी, तीही मध्येच 'जी' आणि 'भैया' मिसळलेली. माझं काम सोपं होतं. माणसाने बसावं, जेवावं, उठावं आणि मी गप्प राहावं. याचं मला वाईट वाटायचं का? नाही. लाकडाला फारसं काही वाटत नाही म्हणतात, आणि बराच काळ माझाही तसाच समज होता.

मग घरातल्या मधुसूदनने लग्न ठरवलं. लखनौला शिकताना त्याला एक मुलगी भेटली होती, चित्रकला शिकणारी. मुलगी मराठी आहे हे ऐकून त्याचे वडील आबासाहेब खूश झाले. कुठली म्हणून विचारलं तर मॉरिशसची! आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला, जणू त्यामुळे नीट ऐकू येणार होतं. तिचे खापरपणजोबा कोकणातून बोटीने तिकडे ऊस तोडायला गेले आणि तिकडचेच झाले. तिच्या घरची बोली क्रिओल. मराठी उरली होती ती आरतीपुरती आणि नावापुरती. नाव मात्र झोकदार होतं, कुसुमावती.

लग्नानंतर पहिल्या दिवशी जेवायला पानं मांडली तेव्हा तिच्या वाट्याला मी आलो. ती सरळ फरशीवर बसली, मला पुढे ओढलं आणि थाळी माझ्यावर ठेवली. तिच्या घरी टेबल-खुर्ची होती, बिचारीला काय ठाऊक! सगळी पंगत तोंडाला पदर लावून हसली.

"अहो बहूजी, पाटावर माणूस बसतं, थाळी नाही," आबासाहेब म्हणाले.

"इतका छान टेबल, त्याच्यावर बसायचं?" ती म्हणाली.

तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. त्या दिवसापासून माझ्यावर कोणी बसलं नाही. दुसऱ्या सकाळी तिने मला मांडीवर घेतलं, वर कागद ठेवला आणि चित्र काढायला लागली.

तुम्ही म्हणाल, पाटाचं नशीब उघडलं. मला तसं वाटलं नाही. आधी अपमानच वाटला. आमच्या कुळात मांडीवर बसायची रीत नाही.

तिची कामाची एक पद्धत होती. नवा रंग कालवला की त्याचा पहिला फटकारा माझ्यावर, मग कागदावर. रंग मला पटला तरच पुस्तकात जायचा, असं मी आपलं मनाशी म्हणायचो. माकडाचा तपकिरी, जांभळाचा जांभळा, किल्ल्याच्या भिंतीचा उन्हात तापलेला पिवळा, सगळे माझ्या तोंडावर एकमेकांच्या अंगावर चढून बसले. सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्या की ती मला छातीशी धरायची. "नको पुसू आई, तिथे माझे रंग आहेत." सासूला 'तुम्ही' म्हणायचं असतं हेही तिला उशिरा कळलं.

तिने लहान मुलांसाठी पुस्तकं केली. गोष्टी तिच्या, चित्रंही तिचीच. मराठी तिला थोडी यायची, म्हणून वाक्यं आखूड. 'बकरी आली. पान खाल्लं. गेली.' पुण्याच्या प्रकाशकांनी कौतुक केलं की एवढी सोपी, नितळ भाषा कुणाला जमत नाही. मधुसूदन ते पत्र वाचून हसून हसून लोळला. पुढे तिची मराठी सुधारली, पण वाक्यं तिने मुद्दाम लांब होऊ दिली नाहीत.

प्रत्येक पुस्तकात एक पान समुद्राचं असायचंच. बकरीची गोष्ट असो की टांग्याची, शेवटी तिथे समुद्र यायचा. झाशीत समुद्र कुठला? मधुसूदन तिला लक्ष्मी तालावर, गावातल्या तळ्यावर, घेऊन जायचा. ती पाण्यावरची जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, बघून परत यायची आणि 'लामेर' काढायला बसायची. तिच्या घरी समुद्राला लामेर म्हणत. त्याचा निळा ती निळ्यात थोडा हिरवा आणि गार झालेल्या चहाचा थेंब घालून करायची. किती थेंब ते हाताला माहीत होतं, तिला नाही. त्या निळ्याचा डाग माझ्या उजव्या कोपऱ्यात होता. दर पुस्तकाच्या वेळी ती त्याच्याशी ताडून नवा निळा करायची.

मग मधुसूदन गेला. ती रडली नाही. लोक आले, बसले, गेले. तिने चहा केला आणि गार होऊ दिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताला लकवा मारला. हात होता, पण त्याला गरम-गार कळत नव्हतं. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून ती बघत बसायची, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखी. हाताचं मी समजू शकतो, माझं अंगही तसंच. पण तिचा चेहराही तसा झाला होता आणि ते मला बघवत नव्हतं.

तेव्हा तिचं एक पुस्तक अर्धवट होतं. म्हणजे सगळं झालं होतं, एक पान सोडून. समुद्राचं पान. हे पुस्तक तिने मधुसूदनला कबूल केलं होतं: तालावर जाणाऱ्या एका माणसाची गोष्ट. पुण्याहून प्रकाशकांकडचा सलील फोन करायचा, "काकू, घाई नाही." ती रोज मला समोर ठेवायची, डाव्या हातात कुंचला धरायची आणि त्या निळ्या डागाकडे बघायची. डावा हात शिकला की त्याच्याशी ताडून रंग करायचा, एवढाच तिचा बेत होता. तो तिने कुणाला सांगितला नव्हता.

भाद्रपद आला. गणपतीच्या चौरंगाला वाळवी लागली होती. कुसुमावतीची सून अनुया गुणी मुलगी. तिला वाटलं, या वर्षी बाप्पा आईंच्या पाटावर बसवावा, आईंना बरं वाटेल. मुलगा सुबोध आईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला होता, तेवढ्यात तिने सुतार बोलावला.

"भाभीजी, ई पै तो रंगई-रंग चढ़ो है," सुतार म्हणाला. "रंदा मारने परहै।"

"मार दो भैया. एकदम नया कर दो."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपल्यात म्हणतात. इथे गणपती नीट बसणार होता, माझंच तोंड गेलं. बकरी, जांभळं, किल्ला सगळं भुशात गेलं. निळा शेवटी गेला. मला दुखलं नाही. दुखायला हवं होतं असं वाटलं.

कुसुमावती घरी आली. "आई, बघा ना, कसा कोरा झाला!" अनुया म्हणाली. कुसुमावतीने डावा हात माझ्या उजव्या कोपऱ्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. "छान केलंस," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

गणपती बसले, आरत्या झाल्या. विसर्जनाला सुबोधने मला डोक्यावर घेतलं. मूर्तीबरोबर मीही लक्ष्मी तालात बुडालो आणि रिवाजाप्रमाणे काठची मूठभर माती घेऊन परत आलो. कुसुमावती काठावर उभी होती. "आमच्याकडे गणपती लामेरमध्ये जायचा," एवढंच ती बोलली.

सकाळी माझ्यावरची माती तुळशीत गेली आणि मला उन्हात ठेवलं. रंधा मारलेलं कोरं लाकूड पाणी प्यालं की त्याचे तंतू वर उठतात. माझेही उठले. कुसुमावती शेजारी येऊन बसली. डाव्या हाताची बोटं माझ्यावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग तिने कागद मागवला, माझ्यावर अंथरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासायला लागली. या कामाला शहाणा हात लागत नाही. कागदावर एक रेष उठली, तिच्यामागे दुसरी. लाटांवर लाटा, करड्या, पार कडेपर्यंत.

अनुया बघत होती. "आई, समुद्र! रंग भरू का मी? तुम्ही सांगा, मी निळा कालवते."

"निळा इथे होता," कुसुमावती म्हणाली आणि माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

अनुयाचा चेहरा उतरला. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. कुसुमावतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेमका उजवा, ज्याला काही कळत नव्हतं.

पान करडंच छापलं गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं सगळेच सांगतात. मला बेफिकिरीने कधी इजा केली नाही, मायेने केली. म्हणून मी एवढंच मागतो की एखाद्याची वस्तू स्वच्छ करण्याआधी त्याला विचारा. जे तुम्हाला डाग दिसतात, ती त्याची शिदोरी असू शकते.

परवा कुसुमावतीने डाव्या हाताने निळा कालवायचा प्रयत्न केला. चहा जास्त झाला. मातकट, वाकडा फटकारा माझ्यावर उमटला. लामेर नव्हे, मधुसूदन तिला न्यायचा तो आपला लक्ष्मी ताल वाटावा असा. अनुया फडकं घेऊन आली, मला बघितलं आणि दारातच थांबली.

"आई, पुसू?"

कुसुमावतीने त्या डागाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.