देवाच्या वाटणीची पुडी

गुरुवारी सकाळी सर्जापूर रोडच्या मागच्या आमच्या गल्लीत ऑटो शिरत नसे. विठोजीअप्पांच्या पत्र्याच्या शेडपुढे गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली पोरं आणि त्यांच्याच घरी भांडी घासणाऱ्या बायका एका रांगेत उभ्या. एवढी समता मी बंगळुरात दुसरीकडे पाहिली नाही. सगळ्यांचं दुखणं एकच, गुडघे.

चमत्कार आमच्या घरीही झाला. माझी मोठी जाऊ मथुराक्का दोन वर्षं जिना चढली नव्हती. अप्पांची पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर सांडगे घालून आली. मी रडले, खोटं कशाला बोलू. तिला मीच तिथे नेलं होतं.

अप्पा राखेची पुडी कपाळाला लावून सांगत, "हे औषध नव्हे. औषधाला एक्स्पायरी असते, आईच्या कृपेला नसते. पण एक दिवस चुकाल तर आई कोपेल. मग माझ्याकडे येऊ नका." जरा थांबून, "म्हणजे याच. लवकर या."

आठवड्याला आठ पुड्या. सात खायच्या, आठवी देवाची. देवाची पुडी मी त्या दिवशीच्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवी. आमच्या घरात देवाचा वाटा असाच ठेवतात, आणि तो टाकायचा नसतो.

अक्काची मुलगी पवित्रा औषधांच्या कारखान्यात अप्रेंटिस. आठवडाभर तिथल्या प्रयोगशाळेत शिकायचं, शनिवारी कॉलेज, तीन वर्षांनी बी.एस्सी. मी तिला चिडवायची, "एवढं विज्ञान शिकतेस आणि दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावतेस."

सहा महिन्यांत अक्काचा चेहरा पुरीसारखा फुगला. बायका म्हणाल्या, तेज आलंय. पवित्रा म्हणाली, "काकू, हे तेज नाही. नुसतं धरलं तरी आईचा हात काळानिळा होतो. त्या पुडीत काय आहे?"

"आधी डिग्री होऊ दे, मग बोल," मी म्हणाले.

भाचीच्या लग्नाला अक्का चिक्कोडीला गेली आणि पुड्या घरीच विसरली. चौथ्या दिवशी वांत्या झाल्या, रक्तदाब उतरला, मांडवातच कोसळली. गल्लीत एकच बोलणं, आई कोपली. अप्पा म्हणाले, "मी सांगितलं होतं."

तिथल्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. "स्टिरॉइडचा संशय आहे," ते म्हणाले. "पण पुडीत काय, किती, हे कळल्याशिवाय पुढचा उपचार अंदाजानेच."

पवित्राने तिच्या वरिष्ठ शिवलीला मॅडमना विचारलं, कारखान्यातल्या मशीनवर एक पुडी लावू का?

"लाव की," त्या म्हणाल्या. "मशीन वेळेसकट लिहून ठेवेल, ते पुसता येत नाही. तुझी नोकरी जाईल आणि निकाल चोरीचा ठरेल. सरकारी प्रयोगशाळेत कुणालाही अर्ज करता येतो. रीतसर दे. पण नमुने आहेत का?"

पोरगी पडल्या चेहऱ्याने घरी आली. "आईने सगळ्या खाल्ल्या, काकू. लग्नाला जाताना विसरलेल्या चारच उरल्यात."

मी देव्हाऱ्याचा खण ओढला. सव्वीस पुड्या, प्रत्येकीवर तारीख.

ती बघतच राहिली. "आमच्याकडे प्रत्येक लॉटमधला थोडा माल असाच कपाटात राखून ठेवतात. पुढे तक्रार आली तर तपासायला."

"मग ते कपाट कुठल्या देवाचं?"

ती हसली, आणि लगेच रडायला लागली.

अर्जावर सही मी केली. अक्काला अप्पांकडे नेलं मी, मग सही दुसरं कोण करणार?

महिन्याने निकाल आला. सव्वीसच्या सव्वीस पुड्यांत स्टिरॉइड. कुठे एक वाटा, कुठे तिप्पट. गुरुवारी सील लागलेल्या शेडपुढे पवित्रा उभी राहिली. "गोळ्या कुटून राखेत चमच्याने कालवल्यात. स्टिरॉइडने सूज उतरते, म्हणून पाय हलले. हे द्रव्य शरीर स्वतःही बनवतं, पण बाहेरून मिळत राहिलं की बनवणं थांबवतं. मग पुडी चुकली की माणूस कोसळतो. चमत्कार गोळीचा आणि कोपही गोळीचाच."

"सरी, बरं," रांगेतले म्हातारे कृष्णातमामा म्हणाले. "आजपासून बंद करतो."

"नको, मामा. एकदम बंद करू नका, आई तशीच मरता मरता वाचली. पुडी घेऊन आजच डॉक्टरकडे जा. ते मोजून, हळूहळू कमी करतील."

पांगता पांगता एकीने मला हळूच विचारलं, "अहो, अप्पांनी नवी जागा कुठे घेतली, कळलं का?"

मथुराक्काची गोळी आता स्वल्प स्वल्प कमी होतेय. गुडघे पुन्हा दुखतात. परवा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून म्हणाली, "त्याने मला गच्ची दाखवली गं. तुम्ही खाली आणलंत." मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

तुम्हाला मात्र सांगते. कुणी पुडी दिली तर कपाळाला लावण्याआधी विचारा, यात काय आहे, किती आहे, कुणी तपासलंय. विचारल्याने जो देव कोपतो, तो देव नव्हे, दुकानदार. मी विचारलं नाही, आणि विचारणारीलाही गप्प केलं.

पवित्रा आता आईच्या डबीला चिठ्ठी लावते. नाव, मात्रा, तारीख. अक्काला बारीक अक्षर दिसत नाही. रोज सकाळी ती मला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावते, आणि मगच तोंड उघडते.