गोडबोलीचं ऐकणारा नवरा

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, माझं तर नाहीच. आणि आता मोबाइलमधली एक नर्स म्हणते, पाय नीट पुसा, की हे लगेच टॉवेल शोधतात.

मधुमेहाच्या पेशंटसाठी एका इस्पितळानं काढलेली ती वेबसाइट. काय खावं, किती चालावं, जखम झाली तर काय करावं, सगळ्याचे व्हिडिओ आणि सगळ्यांत ती एकच बाई. मी तिचं नाव गोडबोली ठेवलं. "अनवाणी फिरायचं नाही हं," असं ती म्हणाली आणि हे घरातसुद्धा चपला घालायला लागले. तेच सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता.

"मी सांगत होते तेव्हा कान कुठे गेले होते?"

"तू ओरडतेस. त्या समजावून सांगतात."

त्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायचा तो हातातला आरसा हे रोज घरी आणायचे आणि पलंगावर बसून त्यात स्वतःचे तळपाय बघायचे. पाय रोज तपासा, असा गोडबोलीचा हुकूम होता. आरशात मान नीट दिसते, मग पाय का नाही दिसणार, असा ह्यांचा हिशेब. मी समोरच भाजी निवडत बसलेली असायचे. मला मात्र कधी हाक मारली नाही.

शेवटी एका दुपारी मी माझ्या मोबाइलवर ती वेबसाइट उघडली. शिकायला नाही, खोड काढायला. बाई दिसायलाही बरी निघाली, तेही खुपलं. पायांच्या व्हिडिओत शेवटी ती म्हणाली, "आरशात बोटांच्या बेचक्यातलं दिसत नाही. ते घरातल्या माणसाकडून बघून घ्या."

घरातलं माणूस म्हणजे मी! तिचा शब्दन् शब्द पाळणाऱ्या ह्यांनी नेमकं तेवढंच वाक्य गाळलं होतं.

संध्याकाळी आरसा निघाला तसा मी तो हिसकावला आणि ह्यांचा पाय मांडीवर ओढला. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटली होती. आत लालभडक जखम.

"दुखत नाही हे?"

"छे गं, काहीच नाही."

"न दुखणं हेच वाईट असतं," मी म्हणाले. वाक्य तिचंच होतं.

तसंच ह्यांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. "अजून थोडे दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं," ते म्हणाले. औषधं मिळेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"बघायला मला का नाही सांगितलं?"

ह्यांनी पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. "पायांना काही कळेनासं झालंय. तुला सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस."

"आणि तिला?"

"तिथे प्रश्न विचारायची सोय आहे, उत्तर त्याच देतात. पाय कापावा लागेल का, म्हणून विचारलं होतं. फार भीती वाटायची गं."

बोट वाचलं, त्याचे उपकार मी मानते. ती बाई समोर आली तर तोंडावर मानेन. पण रात्रंदिवस ह्यांच्या शेजारी मी होते आणि माझा नवरा घाबरलाय, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.