पाठीवरचं 'वर'

मी एक जुना पितळी भित्तिपट आहे. इस्पितळात केसपेपरच्या खिडकीसमोर, बाकांच्या वरच्या भिंतीवर असतो. मित्रांनो, शरम वाटली की माणसं मान खाली घालतात. मी अकरा वर्षं डोकं खाली, पाय वर असा लटकलो होतो, त्यामुळे तेवढीही सोय मला नव्हती.

मला एका शिल्पकार बाईंनी घडवलं. माझ्यावर उंच झेपावणारे नऊ पक्षी आहेत. नव्या धाटणीचे, ना चोच ना डोळा, नुसते कोन. पत्रा ठोकायला बाईंना शिकवलं एका म्हाताऱ्या तांबटकाकांनी, म्हणून मला भिंतीवर चढवण्याचा मानही त्यांनाच मिळाला. माझ्या पाठीवर बाईंनी खडूने बाण काढून 'वर' असं लिहिलं होतं. पण काकांचा नेम असा, की वस्तू पुढून जितकी लख्ख, तितकीच मागूनही हवी. त्यांनी ओल्या फडक्याने माझी पाठ निगुतीने पुसली. 'वर' गेलं फडक्यात आणि मी गेलो भिंतीवर, उलटा.

उद्घाटनाला बाई आल्या आणि मला बघून पांढऱ्याफटक पडल्या.

"बघ पोरी, सूतभर तरी वाकडं आहे का?" काका म्हणाले.

"नाही काका. अगदी सरळ आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बाई इकडे फिरकल्याच नाहीत. माझं पितळ मात्र रोज उघडं पडत होतं. एकदा एक आजारी आजी नातीला म्हणाल्या, "ही पाखरं पडतायत गं. आपण तिकडे बसू." दोघी उठून गेल्या. त्या दिवशी मी काकांना मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. त्याची आज मला लाज वाटते.

अकराव्या वर्षी काकाच बाकावर येऊन बसले. त्यांचे मोतीबिंदू काढले होते आणि बाई त्यांना तपासणीला घेऊन आल्या होत्या. नवा चष्मा लावून काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पोरी, पक्षी खाली का चाललेत?"

"उतरतायत काका. दमल्यावर उतरायला नको?"

"मला शिकवू नकोस. तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

बाईंनी मान खाली घातली. "तुम्ही किती खूश होतात, काका."

"माझा मान राखलास, आणि आजारी माणसांना अकरा वर्षं पडते पक्षी दाखवलेस. चूक माझी, पण सांगायचं काम तुझं होतं. जा, शिडी माग."

दोन वॉर्डबॉयनी मला धरलं. बोल्ट काकांनीच काढले. मग मला पालथं ठेवून त्यांनी पाठीवर पुन्हा 'वर' लिहिलं. या वेळी खडूने नाही, छिन्नीने.

मित्रांनो, आपल्या माणसाची चूक मायेने झाकू नका, मायेने सांगा. आता मी सुलटा आहे. पण त्या आजी काही परत आल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या असतील, तर त्यांना एवढं सांगा, की पाखरं पडत नव्हती.