हाकांत अडकलेली वाघीण

मित्रांनो, मी एक जुनी वाघीण आहे. दचकू नका. मालगाडीच्या बंद डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, आणि मी तर तळहातावर मावेल एवढी पितळेची वाघीण आहे. चार चाकं, दोन्ही अंगांना दारं, दारांना कड्या, खाली ब्रेकचे दांडे. मोठ्या वाघिणीला जे जे असतं ते सगळं मला आहे. फक्त माझं डावं अंग जरा चेपलेलं आहे. ते कसं चेपलं आणि मी पुरी व्हायला एवढी वर्षं का लागली, ते आज सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. मी फार वाट पाहिली आहे.

माझा जन्म परदेशात झाला. तिथं एका पातळ पितळी पत्र्यावर तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, माझे सगळे भाग कोरले गेले. एकही भाग सुटा नव्हता. प्रत्येक जण बारीक काडीनं पत्र्याच्या चौकटीला चिकटलेला होता. जिथं घडी घालायची, तिथं पत्रा अर्धाच खाल्लेला. अशी मी, म्हणजे पत्रा, चार चाकं आणि कसं जोडायचं त्याची चित्रं, एवढं एका चपट्या खोक्यात होतं. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माणसानं ते खोकं विकत घेतलं आणि १९९५ साली नाशिक रोडला आपल्या बहिणीकडे आणलं. भाची सृष्टी तेव्हा पहिलीत होती. तिच्यासाठी खेळणं म्हणून त्यानं मला घेतलं होतं.

सृष्टीनं खोकं उघडलं, उलटंपालटं केलं आणि रडवेली झाली.

"मामा, यात गाडी कुठंय?"

सगळे हसले. सृष्टीचे वडील ज्ञानेश म्हणाले, "मेव्हण्यांना दुकानदारानं बरोबर गाठलं. पत्रा दिला विकून!" सृष्टीची आजी, म्हणजे ज्ञानेशरावांच्या आई चिमणाबाई, मूळच्या लासलगावकडच्या. त्यांनी मला उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "किसणी हाय का ही?"

हसली नाही ती एकटी सृष्टीची आई, सुवर्णा. लग्नाआधी ती सातपूरच्या एका कारखान्यात रेडिओच्या पट्ट्यांवर डाख द्यायची, म्हणजे सोल्डरिंग करायची. तांदळाच्या कणीएवढा डाख ती न थरथरता ठेवायची. लग्नानंतर सातपूर लांब पडतं म्हणून नोकरी सुटली. तिची सोल्डरिंगची कावी मात्र ट्रंकेत तळाशी जपून ठेवलेली होती. त्या दिवशी तिनं माझ्या पत्र्यावरून हळूच बोट फिरवलं. मला त्या बोटाची जाण लगेच कळली. मनात म्हटलं, आता आपण लवकरच गाडी होणार.

किती भोळी होते मी!

मित्रांनो, माझ्यासारखीला जोडायचं काम नाजूक असतं. भाग कापून घ्यायचा, काडीचा उरलेला खुंट कानशीनं घासायचा, घडी सरळ मोडायची, दोन भाग काटकोनात धरायचे आणि सांध्यावर कावी टेकवायची. पितळ उष्णता पिऊन टाकतं. त्यामुळे सांधा पुरता तापेपर्यंत हात हलवून चालत नाही. डाख पाण्यासारखा पळाला की मग थंड होईस्तोवर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मध्येच हात निघाला तर सांधा कच्चा राहतो. दिसायला जोडलेला, आणि बोट लावलं की सुटलेला.

आणि सुवर्णाचा हात नेमका मध्येच निघायचा.

दुपारी भांडीधुणी आटोपून ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. कावी तापायची. माझ्या बाजू कोनात उभ्या राहायच्या. एवढ्यात स्वयंपाकघरातून चिमणाबाईंची हाक यायची.

"सुवर्णा, अगं दूध तापवलं का?"

"तापवलं, आई."

"मग झाकण कुठंय?"

सुवर्णा उठायची. मी एका कुशीवर कलंडायची. झाकण ओट्यावरच असायचं. रविवारी ज्ञानेशराव घरी असले की त्यांचं वेगळंच. "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" चष्मा त्यांच्याच खिशात असायचा. शेजारच्या बायडाबाई कोथिंबीर निवडायला म्हणून यायच्या आणि टेबलाकडे पाहून म्हणायच्या, "काय गं, पोरीचं खेळणं तूच खेळत बसलीस?" सुवर्णा हसून उठायची. ते हसू मला मुळीच आवडायचं नाही.

कुणी वाईट नव्हतं हो त्या घरात. कुणी तिला मारत नव्हतं, कोंडत नव्हतं. पण हाक! दर थोड्या वेळानं एक हाक, आणि प्रत्येक हाकेला "आले!" मला वाटायचं, एकदा तरी ही "थांबा" म्हणेल. ती कधी म्हणाली नाही.

एकदा ती चिमट्यात माझ्या ब्रेकचा एक बारीक तुकडा धरून बसली होती. पाठीमागून ज्ञानेशराव जोरात म्हणाले, "पाहुणे आलेत, चहा टाक!" ती दचकली, चिमटा निसटला आणि तुकडा उडाला. तिनं गुडघ्यावर बसून सगळी फरशी हातानं पुसून काढली. तो मिळाला नाही. पुढं उरलेल्या चौकटीतून कापून, घासून तिनं तसाच दुसरा तुकडा घडवला. त्यालाही कित्येक दुपारी लागल्या. मला तिचं कौतुक वाटलं, आणि रडूही आलं. जे एका बैठकीत व्हायचं, त्याला एवढा वनवास कशाला?

मग महिनोन् महिने मी बिस्किटांच्या डब्यात पडून असायची. सृष्टीची परीक्षा, चिमणाबाईंचं गुडघ्याचं दुखणं, लग्नकार्यं, वणीच्या गडावर देवीला जाणं. डब्याचं झाकण उघडलं की मला आशा वाटायची, आणि मिटलं की अंधार. सुटलेले सांधे पुन्हा तापवून तापवून माझा रंगही काळवंडला. तरी सुवर्णानं मला सोडलं नाही. माझा सांगाडा उभा राहिला, चाकं बसली, दारं लागली. छप्पर तेवढं राहिलं होतं, ते तिनं कपाटात कागदात गुंडाळून ठेवलं होतं. तोवर सृष्टी दहावीला पोचली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत चिमणाबाईंनी घरातलं जुनं पितळ मोडीत काढायचं ठरवलं. चिरलेला तांब्या, फुटकं घंगाळ, वाकडा झारा, सगळं पोत्यात गेलं. बिस्किटांचा डबाही त्यांनी उघडला. आत मी होते, बिनछपराची, काळवंडलेली. "हे बी पितळच," असं म्हणत त्यांनी मला पोत्यात टाकलं. वरून घंगाळ पडलं आणि माझं डावं अंग आत गेलं. पोतं नाशिकच्या भांडी बाजारात, कोंडाजी नावाच्या दुकानदाराकडे गेलं. बदल्यात घरी कोरं पातेलं आलं.

मित्रांनो, भट्टीत जायची मला भीती वाटली नाही, असं नाही. पण भीतीहून संताप जास्त होता. मी निदान एकदा तरी पुरी व्हायला हवी होते.

दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर ओळखीचा आवाज आला. सुवर्णा धापा टाकत होती.

"दुपारी नाशिक रोडवरून मोड आलीय. त्यात माझी एक वस्तू आहे. ती द्या."

कोंडाजी म्हणाला, "बाई, मोडीचा माल परत द्यायचा नसतो. सोन्याची आहे का वस्तू?"

"नाही. पितळेचीच आहे."

"मग एवढं काय त्यात?"

सुवर्णा तिथंच जमिनीवर बसली आणि पोतं उपसू लागली. घंगाळाखालून तिनं मला काढलं. माझं चेपलेलं अंग पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. कोंडाजीनं मला तिच्या हातात नीट पाहिलं, आणि मग नुसती मान हलवून "न्या" म्हणाला.

घरी चिमणाबाई दारातच म्हणाल्या, "मला काय ठावं? मोडकं दिसलं, दिलं. एवढ्याशा पत्र्यासाठी रात्रीची गावभर हिंडली व्हय?"

सुवर्णानं मला टेबलावर ठेवलं.

"मोडकं नव्हतं, आई. अर्धं होतं. आणि अर्धं का राहिलं, ठाऊक आहे? या घरात मला सलग एक तास कधी मिळालाच नाही. मी दर वेळी उठले. आता नाही उठणार."

ज्ञानेशरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं टेबल मागच्या खोलीत ओढून नेलं आणि आतून कडी लावली. कावी तापली. थोड्याच वेळात हाक आली. मग दारावर थाप. सुवर्णाचा हात क्षणभर थांबला. माझा जीव टांगणीला लागला. पण ती उठली नाही. चिमणाबाई तणतणत मागच्या अंगणातून खिडकीशी आल्या. तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. सुवर्णा श्वास रोखून माझ्या छपराच्या कडेवर डाख पळवत होती. तो चांदीच्या धाग्यासारखा या टोकापासून त्या टोकाला गेला. म्हातारी ते बघत उभी राहिली. मग परत गेली आणि कुकरखालचा गॅस तिनं स्वतः बंद केला.

त्या हिवाळ्यात मी पुरी झाले. चेपलेलं अंग सुवर्णानं छप्पर बसवण्याआधीच आतून ठोकून बरंचसं वर आणलं होतं, पण घडी राहिलीच. मला दर्शनी खोलीत ठेवलं.

एक दिवस ज्ञानेशरावांचे साहेब घरी आले. मला हातात घेऊन म्हणाले, "वा! हे तुम्ही केलंत?"

ज्ञानेशराव म्हणाले, "हो, म्हणजे... घरीच केलंय."

"घरी नाय," स्वयंपाकघराच्या दारातून चिमणाबाई म्हणाल्या, "सुवर्णानं केलंय."

"अरे वा! मग बोलवा ना त्यांना."

मागच्या खोलीचं दार बंद होतं. भावाकडून मागवलेली दुसरी वाघीण तिथं जोडली जात होती. ज्ञानेशरावांनी हाक मारायला तोंड उघडलं, तशा चिमणाबाई गुडघ्यावर हात ठेवून पुढं आल्या.

"हाक मारू नको तिला. डाख कच्चा राहतो. च्या मी टाकते."

मित्रांनो, लोक आपल्याला वस्तू जपायला सांगतात. जरूर जपा. पण तुमच्या घरी कुणी मान खाली घालून काही करत बसलं असेल, तर झाकण तुमचं तुम्ही शोधा.