दीपालीच्या पडवीत

वादळाच्या आधी नाटे गावच्या बंदरात सगळ्या बोटी परतल्या, सुजयची तेवढी आली नाही. त्या बोटीवर रामाही जायचा होता. ताप भरला म्हणून तो घरी राहिला. "निज तू, तुझ्या वाटणीचं जाळं मी ओढतो," असं सुजय हसत म्हणून गेला होता.

आता रामाची बायको दमयंती शेजारच्या पडवीत सुजयच्या बायकोला, दीपालीला, धरून बसली होती. तिने कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कुणाचाही मोबाइल वाजला की दचकून उठायची आणि पुन्हा मटकन खाली बसायची. "घोटभर चहा घे गो," म्हणून दमयंती थकली. चहावर साय धरली.

मध्येच दमयंती घरी जाऊन रामाला पेज वाढून आली.

"मीठ कमी झालंय," तो खोकत म्हणाला.

एरवी ती फणकारली असती. आज तिला भडभडून आलं. आपला माणूस घरात आहे, मिठावरून कुरकुरतोय! देवा, तुझे उपकार, असं मनात आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. भिंतीपलीकडे दीपाली होती.

रामाने पेज अर्धी ठेवली, शर्ट चढवला.

"कुठं निघालात?"

"वारा पडलाय. महिपतकाका शोधायला बोट काढतायत. माणसं कमी आहेत."

"अंगात ताप आहे तुमच्या!" ती दारात आडवी उभी राहिली. "दुसरं कुणीही जाऊ दे. पाया पडते तुमच्या."

"माझ्यासाठी सुजय गेला असता की नाही, सांग."

उत्तर तिला ठाऊक होतं. ती बाजूला झाली. स्वेटर त्याच्या हातात दिला आणि पुन्हा पडवीत येऊन बसली. आता मोबाइल वाजला की दोघी दचकायच्या.

"भावजीपण गेले?" दीपालीने विचारलं. दमयंतीने मान डोलावली, तसा दीपालीने तिचा हात घट्ट धरला.

दिवस कलता महिपतकाकांची बोट आली. थर्माकोलच्या ठोकळ्याला धरून तरंगणारे सुजयच्या बोटीवरचे दोन खलाशी जिवंत सापडले होते. सुजय त्यांच्यात नव्हता. लाटेने त्याला डोळ्यांदेखत ओढून नेलं, एवढंच ते सांगू शकले.

रामा भिजलेला, कुडकुडत पडवीच्या पायरीशी उभा राहिला. "वहिनी... नाही मिळाला."

दीपालीने त्याच्या ओल्या स्वेटरकडे पाहिलं. मग दमयंतीला म्हणाली, "थरथरतायत गो ते. घरी ने. गरम काहीतरी घाल पोटात."

हे ऐकून दमयंतीलाच रडू फुटलं. ती रामाला घेऊन घरी गेली, भात आणि कुळथाची पिठी केली आणि रामासकट सगळं घेऊन पडवीतच आली. पहिला घास कालवून तिने दीपालीच्या तोंडाशी धरला. हात अवघडला तरी तसाच धरून ठेवला. शेवटी दीपालीने तोंड उघडलं.

"उद्या पुन्हा शोधायला निघायचं ठरलंय," रामा जेवता जेवता खाली मान घालून म्हणाला.

 दमयंतीने त्याला आणखी भात वाढला.